बैठक क्रमांक अकरा

व्यंकटराव सरांना कुणीही मदत मागितली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे झालं त्यात दोष कुणाचा, यावरून पूर्णेच्या स्टेशन रोडवर दोन तट पडले. मात्र सर आपण होऊन मध्ये पडले, याबद्दल दोन्ही तटांचं एकमत होतं.

झालं असं की राजेश्री पेढे घेऊन घरी आली. राजेश्री ही सरांची जुनी विद्यार्थिनी. आता परभणीच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होती. पेढे पीएचडीचे नव्हते, ते मागच्याच वर्षी खाऊन झाले होते. हे पेढे तिचा शोधनिबंध एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला त्याचे होते. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि तेवढ्यात ती बोलून गेली की आता कॉलेजनं नवीनच काढलंय. नुसता शोधनिबंध लिहून भागत नाही. ज्या व्यापाऱ्यांवर संशोधन केलं त्यांना समजेल, उपयोगी पडेल असा लेख लिहून तो त्यांच्याच एखाद्या अंकात छापून आणायचा. त्याला तीन गुण. आणि तिच्या बढतीला नेमके तीनच गुण कमी पडत होते.

"मी लिहून पाहिला, सर. पण दुकानदार वाचेनात," ती म्हणाली.

"वाचेनात म्हणजे काय? आण इकडं," सर म्हणाले, आणि पेढ्याचा हात धुवायलाही न जाता त्यांनी तिच्या पिशवीतून कागद काढून घेतले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्यांच्या लाल पेनाला लग्नपत्रिका आणि विजेचं बिल यांच्यापलीकडे काही तपासायला मिळालं नव्हतं.

निबंधाचं नाव होतं, 'कृषी निविष्ठा विक्री केंद्रांतील अवकाशीय आसनव्यवस्थेचा ग्राहकांच्या खरेदीनिर्णयप्रक्रियेवर होणारा परिणाम'. सरांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वाचनात त्यांच्या ध्यानात आलं की बी-बियाणाच्या दुकानापुढं बाकडं ठेवलं तर विक्री वाढते का घटते, एवढाच हा प्रश्न आहे. या एकाच ओळीसाठी पोरीनं साडेचार वर्षं घातली होती. सरांना तिची दया आली, थोडा अभिमानही वाटला, आणि या विषयात पूर्णेत आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही हेही त्यांना त्याच क्षणी पटलं.

ते खरंही होतं. तात्यारावांच्या कृषी सेवा केंद्रापुढं जे बाकडं होतं, त्यावर सर रोज दुपारी चार ते साडेसहा बसत. बाकडं मूळचं सरांच्याच शाळेचं. शाळेनं भंगारात काढलं तेव्हा तात्यारावांनी लिलावात घेतलं. त्याचा एक पाय आखूड होता आणि तिथं एक वीट लावलेली होती. एकतीस वर्षं सरांनी पोरांना अशाच बाकांवर उभं केलं होतं, आता ते त्यावर बसत होते. समोरून स्टेशनवर उतरलेली माणसं जात. त्यातली निम्मी सरांच्या हाताखालून गेलेली. ती "सर" म्हणून थांबत, सर त्यांना ओळखल्यासारखं करत. घरी ते पत्नी विमलताईंच्या पायात येणारे एक रिकामटेकडे गृहस्थ होते. बाकड्यावर बसले की ते पुन्हा सर होत. दिवसाकाठी अडीच तास सर असणं एवढीच काय ती त्यांची निवृत्तीनंतरची कमाई होती, आणि ती त्यांना पुरत होती.

पहिला मसुदा त्यांनी दोन दिवसांत केला आणि तात्यारावांना वाचून दाखवला, कारण ज्याच्यासाठी लेख लिहायचा तो माणूस हाताशीच होता. 'आसन' या शब्दाच्या उगमापासून सुरुवात केली होती. सिंहासनावरून ते पाटावर आले, पाटावरून बैठकीवर. पाचव्या पानावर बाकडं दृष्टिपथात येत होतं. तेवढ्यात तात्यारावांनी एक फवारणी पंप विकला, दोन गिऱ्हाइकांना उद्या बोलावलं आणि परत येऊन शेजारी बसले.

"काय समजलं?" सरांनी विचारलं.

"सर, तुमची तब्येत बरी न्हाई का?"

"लेखात काय समजलं?"

"लेख लय भारी हाय. पर बाकडं ठिवायचं का काढायचं, येवढं सांगा की. बाकीचं आमी सवडीनं वाचतो."

समोरच्या औषधाच्या दुकानापुढच्या बाकड्यावरून महारुद्र गार्ड हे सगळं ऐकत होते. महारुद्र रेल्वेतून निवृत्त झालेले. पूर्णेत निवृत्त झाल्यावर बसायला बाकडं मिळणं हे पेन्शन सुरू होण्याइतकंच मोठं मानतात, आणि या दोघांनी समोरासमोरची बाकडी एकाच वर्षी धरली होती. रस्ता ओलांडून ते कधी एकमेकांकडे आले नाहीत. सल्ले मात्र रस्त्यावरून येत-जात.

"मास्तर," गार्डांनी तिकडूनच हाक दिली, "आमी आख्खी मालगाडी रुळावरून उतरली तरी वहीत दोन ओळींत लिवत होतो. तुमचं एक बाकडं पाच पानात बसंना व्हय?"

सरांनी कागद गोळा करून पिशवीत घातले. घरी येऊन त्यांनी पाचही पानं फाडली आणि जेवताना विमलताईंना गार्ड किती उथळ माणूस आहे हे समजावून सांगितलं. विमलताईंनी वरण वाढलं. "त्यांचंबी खरंच हाय की," एवढंच त्या म्हणाल्या.

लेखाला जीव हवा, उदाहरण हवं, हे सरांच्या लक्षात आलं. उदाहरणासाठी त्यांनी निबंधाच्या शेवटचे तक्ते चाळायला घेतले. राजेश्रीच्या विद्यार्थ्यांनी नव्वद दिवस समोरच्या हॉटेलात बसून स्टेशन रोडवरच्या बाकड्यांवर कोण बसतं, किती वेळ बसतं, काय विकत घेतं याची नोंद केली होती. नावं कुणाचीच नव्हती. नियमच तसा होता. नुसते क्रमांक. आणि अकराव्या क्रमांकावर सरांना खजिना सापडला.

'बैठक क्र. ११. पुरुष, सेवानिवृत्त. रोज अंदाजे अडीच तास. पायताण काढून बाकड्याखाली एकावर एक ठेवतो. वर्तमानपत्राची चार घडी करून त्यावर बसतो. चहा आणणाऱ्यास साखर कमी असल्याचे दररोज सांगतो. दुकानात आलेल्या ग्राहकांना प्रश्न विचारतो. बियाणांच्या पिशवीवरील मजकुरातील चुका मोठ्याने वाचून दाखवतो. नव्वद दिवसांतील खरेदी : शून्य.'

सर एकटेच मोठ्यानं हसले. हा महारुद्र गार्ड, दुसरा कुणी असूच शकत नाही. गार्डाला पेपरवर बसलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, मागच्या पावसाळ्यात, बाकडं ओलं असताना. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारणं हाही गार्डाचाच स्वभाव. सर स्वतः कधी प्रश्न विचारत नसत, मार्गदर्शन करत. बियाणाच्या पिशवीचा मुद्दा जरासा बसत नव्हता, कारण औषधाच्या दुकानात बियाणं नसतं. पण पोरं लिहिताना चुका करतातच, हे सरांना एकतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

मग लेखणी अशी काही धावली की विचारू नका. अकरा क्रमांकाच्या त्या गृहस्थाला सरांनी पुरता सोलून काढला. चपलांचा मनोरा, चहाची रोजची तक्रार, उठताना पेपर झटकून तोच पेपर दुकानदाराला परत देण्याचा उदारपणा, सगळं आलं. 'दुकानाला झालेला हा चालता-बोलता गतिरोधक' अशी एक ओळ त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की ती त्यांनी विमलताईंना दोनदा वाचून दाखवली.

राजेश्रीनं तो मसुदा वाचला आणि अकरा क्रमांकाच्या गृहस्थावर बोट ठेवलं.

"सर, हे उदाहरण घ्यायचंच का?"

"लेखाला जीव आहे तो त्याच्यामुळंच आहे."

"नाही, पण सर... कुणाला तरी लागेल."

"लागू दे की. लागल्याशिवाय माणूस सुधारत नसतो. तुला बाकावर उभं केलं होतं तेव्हा तुला लागलं नव्हतं?"

"लागलं होतं, सर," राजेश्री म्हणाली. गुरूला सांगायच्या काही गोष्टी पीएचडी झाल्यावरही सांगता येत नाहीत. तिनं फक्त एवढंच सुचवलं की निबंधाचा दुसरा निष्कर्षही लेखात असावा. नुसता पहिला, म्हणजे बाकड्यावर बसणारे काही विकत घेत नाहीत एवढाच दिला, तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

दुसरा निष्कर्ष सरांनी निबंधातून जसाच्या तसा उतरवून घातलाही होता. पण मध्ये भुजंग आडवा आला. भुजंग म्हणजे व्यापारी संघाचा सचिव, शिवाय फ्लेक्स आणि छपाईचं दुकान त्याचंच. त्यामुळं संघाची दसऱ्याची स्मरणिका तोच काढी, तोच छापी आणि वाटपही तोच करी. एक पान द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. छपाईच्या आदल्या दिवशी त्यानं सरांना बोलावून घेतलं.

"सर, अर्धं पान करावं लागंल. एक जाहिरात आलीय शुभेच्छाची, फोटोसकट. न्हाई म्हणता येईना."

"अर्ध्या पानात संशोधन कसं बसेल?"

"ते तुमी बघा. वरचं ठिवा न्हाईतर खालचं ठिवा. मला काय, मजकूर भरला म्हंजी झालं."

सरांनी पान समोर धरलं. वरच्या अर्ध्यात अकरा क्रमांकाचा गृहस्थ होता, हसरा, खुसखुशीत. खालच्या अर्ध्यात दुसरा निष्कर्ष होता आणि त्यात 'तथापि' तीनदा, 'परंतु' चारदा आलं होतं. सरांनी लाल पेनानं खालच्या अर्ध्यावर एक सरळ रेघ मारली आणि सवयीनं समासात 'पाल्हाळ' असा शेरा लिहिला. लेखाचं नाव त्यांनी 'बाकडं : एक चिंतन' असं दिलं होतं. भुजंगनं ते छापताना 'बाकडं काढा, बरकत आणा' असं केलं, कारण चिंतनाला मोठा टाइप शोभत नाही असं त्याचं मत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. भुजंगनं माईकवरून लेखातला निवडक भाग वाचायला घेतला. 'पायताण काढून एकावर एक ठेवणारा' इथं पहिला हशा झाला. मग एकेक मान मागं वळायला लागली. सरांनी ते कौतुक विनम्रपणे स्वीकारलं. त्यांना व्यासपीठावर बोलावलं तेव्हा ते उठले, पायरीशी चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि वर गेले. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. तात्याराव तेवढे खाली मान घालून बसले होते. सरांना वाटलं, त्यांना विनोद उशिरा कळतो. लोकांना उद्देशून सर म्हणाले की शैली ही साधनेनं येते.

घरी आले तेव्हा ते तरंगत होते. विमलताई मेथी निवडत बसल्या होत्या. स्मरणिका त्यांनी मांडीवर घेतली, सावकाश वाचली आणि मिटून बाजूला ठेवली.

"अहो, पोरगी लय हुशार हाय हं. तुमचं सगळं बराबर टिपलंय."

"माझं?"

विमलताईंनी हातातली मेथीची काडी दाराकडं केली. उंबऱ्याशी सरांच्या चपला होत्या, डावीवर उजवी.

सर बराच वेळ त्या चपलांकडं पाहत उभे राहिले. मग खोलीत जाऊन त्यांनी छपाईनंतर परत आलेलं लेखाचं पान काढलं आणि लाल रेघ मारलेला भाग पहिल्यांदाच नीट वाचला. 'तथापि बैठक क्र. ११ सारख्या व्यक्ती स्वतः खरेदी करीत नसल्या, परंतु त्यांच्या ओळखीमुळे बाहेरगावचा ग्राहक विश्वासाने दुकानाची पायरी चढतो. सदर व्यक्ती उपस्थित असलेल्या दिवशी त्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांची संख्या अधिक आढळली.' आणि त्याच्या बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाल्हाळ'.

माणसावर खटला चालावा, त्याच्या बाजूचा एकमेव साक्षीदार दारात यावा आणि त्या माणसानंच साक्षीदाराला हाकलून द्यावं, असं काहीसं झालं होतं.

तीन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी तात्याराव स्वतः आले. "सर, चला. बाकडं सुनं पडलंय," एवढंच म्हणाले. लेखाचं नाव त्यांनी काढलं नाही. सर गेले, चपला शेजारी शेजारी ठेवल्या, चहा गोड आहे म्हणून सांगितलं आणि दोन तास मुकाट बसून राहिले. हळूहळू सगळं निभावलं असतं. पण राजेश्रीच्या बढतीची फाइल कॉलेजकडून परत आली.

स्मरणिकेला नोंदणी क्रमांक नाही, असा कारकुनाचा शेरा होता. भुजंग म्हणाला, "कितीचा पायजे? टाकून देतो की." राजेश्रीनं हात जोडले. मग पर्याय निघाला. क्रमांक नसेल तर लेख वाचून व्यवसायात बदल केल्याचं पाच दुकानदारांचं शिक्क्यासह प्रमाणपत्र जोडावं. सोबत बदलाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो, ठिकाण आणि तारीख छापलेला. मुदत आठ दिवस.

दुकानदार प्रमाणपत्र द्यायला आनंदानं तयार होते. अडचण एवढीच होती की त्या पाचांपैकी बाकडं कुणाकडंच नव्हतं. काहींनी प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या, काहींनी काहीच ठेवलं नव्हतं. आधीच्या फोटोत बाकडं दिसल्याशिवाय नंतरच्या फोटोत ते नसण्याला अर्थ नव्हता. तोडगा भुजंगनं काढला, आणि सरांनी त्याला होकार दिला, हे त्यांच्या शत्रूंनीही पुढं कधी नाकारलं नाही. तात्यारावांचं बाकडं हातगाड्यावर टाकून पाच दुकानांपुढं फिरवण्यात आलं. प्रत्येक ठिकाणी उतरवायचं, फोटो, उचलायचं, फोटो. बाकडं डुगडुगायचं म्हणून वीटही लागायची. वीट हातात घेऊन गाड्यामागं सर चालत होते. महारुद्र गार्ड आपल्या बाकड्यावरून उठून उभे राहिले आणि गाडी पुढं जाईपर्यंत त्यांनी हात वर धरून ठेवला. सरांनी तिकडं पाहिलं नाही.

चार दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. 'पाचही छायाचित्रांत एकच बाक व एकच वीट दिसते. खुलासा करावा. अन्यथा प्रस्ताव निकाली काढण्यात येईल.' खुलाशात निदान एका दुकानात खरोखर बदल झाल्याचं दाखवावं लागणार होतं, आणि ते पाहायला गुरुवारी एक पडताळणी अधिकारी परभणीहून येणार होते. राजेश्रीनं फोनवर हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

"मी बघतो," सर म्हणाले.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टेशन रोडवर खरं बाकडं असलेली दुकानं दोनच होती. औषधवाल्याला विचारायचं तर गार्डाच्या दारात जावं लागलं असतं, आणि ते सरांनी मनातही आणलं नाही. बुधवारी चार वाजता ते नेहमीसारखे तात्यारावांकडे गेले, पण बसले नाहीत.

"तात्याराव, बाकडं काढावं लागेल."

"कशापायी? मी तर त्या लेखाला मानतबी न्हाई."

"लेखासाठी नाही. पोरीसाठी."

तात्यारावांनी बाकड्याखालची वीट पायानं सरळ केली. मग म्हणाले, "तुमी बसणार कुठं?"

"मी उभा राहीन. त्याला काय होतंय."

"फोटोपुरतं काढतो. शुक्रवारी पुन्हा ठिवतो."

तात्याराव मनानं चांगले होते, पण बाकडं दुकानात ठेवायला जागा नव्हती. चुडाव्याला त्यांच्या शेतावर खताच्या गोण्या घेऊन टेम्पो निघालाच होता. त्यात बाकडं चढवलं. वीट मागं राहिली. गुरुवारी अधिकारी आले, मोकळ्या जागेकडं पाहून त्यांनी समाधान व्यक्त केलं आणि म्हणाले की महिनाभरात कधीही पुन्हा पाहणी होऊ शकते. त्यामुळं शुक्रवार टळला. मोकळ्या जागेत तात्यारावांनी हरभऱ्याच्या बियाणाच्या पिशव्या रचल्या. दिवस रब्बीच्या पेरणीचे होते. बोरीपासून पूर्णेपर्यंत सगळा मुलूख हरभरा आणि ज्वारी पेरायला निघालेला. पिशव्या भराभर गेल्या.

"सर," तात्याराव आठवड्यानं हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पर तुमचा लेख खरा निघायलाय. लय माल चाललाय."

रब्बीत दर वर्षीच माल चालतो, त्याचा बाकड्याशी काही संबंध नाही, हे सर त्यांना सहज समजावून सांगू शकले असते. पण असं काही समजावून सांगायला निवांत बसावं लागतं. आणि शिवाय, उभ्या आयुष्यात त्यांनी लिहिलेलं एकच वाक्य कुणीतरी अमलात आणलं होतं. ते चुकीचं होतं हे सांगण्याचा अधिकार त्यांचा स्वतःचाच होता, पण त्यांना धीर झाला नाही.

चार ते साडेसहा हे तास मोठे वाईट असतात. सर काही दिवस पिशव्यांशेजारी उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांना "कुणाची वाट बघायलात का, सर?" असं विचारत, आणि खरं उत्तर देता येत नसे. समोरून एकदा गार्डांनी आपल्या बाकड्यावर हात थोपटला. "मास्तर, या की. आमच्या मालकानं ती स्मरणिका उघडलीबी न्हाई, म्हणून आमी शाबूत हाव." सर ऐकू न आल्यासारखं करून स्टेशनकडं चालू लागले आणि नांदेडकडं जाणारी एक गाडी विनाकारण पाहून परत आले.

मग एक दिवस पाय दुखायला लागले म्हणून ते दुकानात आत शिरले. आत काउंटरशेजारी एक स्टूल होतं. बिल होईपर्यंत गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं. गल्ल्यावर त्या दिवशी तात्यारावांची सून गीताबाई होती, नव्यानंच दुकानात बसू लागलेली. तिनं विचारलं, "काय देऊ, काका?"

सर स्टुलावर बसून चुकले होते.

"मेथीचं बी," ते म्हणाले. "एक पाकीट."

दुसऱ्या दिवशी पालक घेतला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेथी. बिल होईपर्यंत दहा-अकरा मिनिटं मिळत. तेवढ्यात कुणी ओळखीचं आलं आणि "सर" म्हणालं तर दिवस चांगला गेला म्हणायचा. पाकिटं घरी आणून ते जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांमागं ठेवत. घरात एक कुंडीदेखील नव्हती. विमलताईंनी पुस्तकं झाडताना ती पाहिली, मोजली असतील किंवा नसतील, आणि पुन्हा जशीच्या तशी पुस्तकांमागं सारून ठेवली. त्या दिवशीपासून चार वाजले की त्या सरांना स्वतःच पिशवी काढून देऊ लागल्या.

डिसेंबरात राजेश्री पुन्हा पेढे घेऊन आली. बढती झाली होती. तिनं वाकून नमस्कार केला. सरांनी खरोखर मनापासून आशीर्वाद दिला, आणि एवढ्या सगळ्यात एक गोष्ट तरी धड झाली याचं त्यांना बरं वाटलं. पेढा खाऊन होईतो ती घुटमळत राहिली. मग पिशवीतून तिनं एक कागद काढला.

"सर, कॉलेजनं पाठपुरावा मागितलाय. बाकडं काढल्यावर काय फरक पडला, याचा. पोरांनी पुन्हा महिनाभर नोंदी केल्यात. यावरही एक सोपा लेख लिहायचाय."

सरांनी चष्मा लावला. कुठं पाहायचं हे त्यांना आता माहीत होतं. 'बैठक क्र. ११. बैठक कालावधी : सरासरी अकरा मिनिटे. खरेदी : रोज एक पाकीट, भाजीपाला बियाणे. ग्राहकात रूपांतर झाल्याचे हे एकमेव उदाहरण.' त्यापुढं 'खरेदीचे कारण' असा शेवटचा रकाना होता आणि तो कोरा होता.

"पोरांना विचारायला जमलं नाही, सर," राजेश्री म्हणाली. ती सरांकडं पाहत नव्हती, खिडकीबाहेर पाहत होती. पेन मात्र तिनं उघडलं होतं. "काय लिहू?"

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. सरांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. चूक एकही नव्हती.

"लिही," सर म्हणाले, "बागकामाची आवड."

राजेश्रीनं खाली मान घालून, सुवाच्य अक्षरात, तसंच लिहून घेतलं.